चौथा तुकडा

डॉ. दत्तप्रसाद खांबेटे यांना त्या शनिवारी काय काय मिळायचं होतं, ते आधी बघून घेऊ. सातारा रस्त्यावर नव्यानं उघडलेलं दोनशे खाटांचं हॉस्पिटल पुढची तीन वर्षं आपल्या सगळ्या बायोप्सी त्यांच्या लॅबकडे पाठवणार होतं. हॉस्पिटलच्या काचेच्या दारावर त्यांचं नाव येणार होतं, तेही मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. दर महिन्याला तरुण डॉक्टरांपुढं एक व्याख्यान द्यायचं होतं, आणि खांबेट्यांना ऐकणाऱ्या माणसांची फार हौस. घरी ती सोय राहिली नव्हती. शिवाय नारायण पेठेत त्यांच्या लॅबच्या बरोबर समोर ज्यांची लॅब, त्या डॉक्टरांनीही ह्याच कामासाठी अर्ज केला होता. त्यांचं उतरलेलं तोंड रोज सकाळी खिडकीतून बघायला मिळणार, हा फायदा खांबेटे बाकी सगळ्यांच्या वर धरत होते.

अटी दोनच होत्या. बायोप्सीचा रिपोर्ट चोवीस तासांत द्यायचा. आणि आधीच्या तीन महिन्यांत एकही ‘सुधारित रिपोर्ट’ गेलेला नसावा. म्हणजे आज एक निदान दिलं आणि उद्या ते बदललं, असा प्रकार एकदाही घडलेला नसावा. दुसऱ्या अटीची त्यांना काळजी नव्हती. चूक कबूल करायची सवय नसली की सुधारित रिपोर्ट आपोआप शून्यावर राहतात.

पहिल्या अटीसाठी मात्र घाम गाळावा लागला. अर्थात उत्तरेश्वर यांचा.

उत्तरेश्वर हे लॅबचे टेक्निशियन. वय बावन्न, मूळचे बार्शीकडचे, ह्या लॅबमध्ये बावीस वर्षं. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्या ठोकळ्याचे सुरीच्या यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्याच्या भांड्यावर अलगद सोडायचे, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून उचलायचे, आणि मग रंगवायचे. ठोकळ्याला तिथं ब्लॉक म्हणतात आणि काचेला स्लाइड. सबंध कामात एकच जागा धोक्याची. पाण्याचं भांडं एक आणि त्यावर दिवसभरात सत्तर माणसं तरंगून जातात. म्हणून एकाचे काप उचलले की पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवायची, मागं राहिलेला कण टिपून घ्यायचा, मगच दुसऱ्याचा ब्लॉक हातात घ्यायचा. उत्तरेश्वर त्यासाठी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या पट्ट्या कापून ठेवत. भाड्यानं देणे, वधू पाहिजे, नाव बदलले आहे.

दिवाळीत खांबेट्यांनी दुसऱ्या टेक्निशियनला घरी बसवलं आणि जानेवारीत ते हातात घड्याळ घेऊन उत्तरेश्वरांच्या मागं उभे राहिले.

“एका पट्टीला अर्धं मिनिट. दिवसाला सत्तर ब्लॉक. म्हणजे पस्तीस मिनिटं तुम्ही पाणी पुसता. आपण पॅथॉलॉजीत आहात का उपाहारगृहात?”

“सर, एकाचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर गेला तर...”

“बावीस वर्षांत गेलाय?”

“नाही सर. पुसतो म्हणून नाही गेला.”

“दहा ब्लॉक झाले की एकदा पुसा. वाद नको.”

उत्तरेश्वरांनी वाद घातला नाही. सर समोर नसले की ते प्रत्येक ब्लॉकनंतर पट्टी फिरवत आणि सर मागं उभे असले की दहानंतर. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी सर मागं उभे होते.

गुरुवारी साडेअकराच्या सुमारास उत्तरेश्वर एक नवी स्लाइड घेऊन डॉ. कल्याणी ओव्हाळ हिच्या टेबलाशी आले. कल्याणी एकतीस वर्षांची, दापोडीत राहणारी, खांबेट्यांच्या हाताखालची एकुलती एक पॅथॉलॉजिस्ट. वडील खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. घरात डॉक्टर ही पहिलीच, त्यामुळे घरचे तिच्याशी आदरानं वागत आणि लॅबमध्ये त्याची भरपाई होई.

“मॅडम, अकराशे अठ्ठ्याऐंशी. बघा बरं. मला नुसती चरबी दिसतीय.”

“काका, निदान कधीपासून करायला लागलात?”

“स्वयंपाक करत नसलो तरी मीठ कमी पडलेलं कळतं, मॅडम.”

अकराशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे मुक्ताबाई, राहणार फुरसुंगी, वय शेहेचाळीस, डाव्या स्तनात टणक गाठ. गाठीतून जाड सुईनं तुकडे काढून पाठवले होते. मंगळवारी दुपारी खांबेट्यांनी रिपोर्ट दिला होता : स्तनाचा कॅन्सर. शनिवारी सकाळी आठ वाजता स्तन काढायचा होता. आता त्याच ब्लॉकमधून पुन्हा काप काढले होते, कारण कॅन्सरच्या पेशींवर कोणतं औषध चालेल ते ठरवणाऱ्या चाचण्या करायच्या होत्या. त्यासाठी आधी कॅन्सरच्या पेशी सापडायला हव्यात, एवढीच अट.

कल्याणीनं सगळ्यात लहान भिंग लावलं. कॉलेजात तिला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, आधी टेकडीवरून गाव बघा, मग वाडी, मग घर, आणि शेवटी माणसाचं तोंड. मुली थेट तोंडं बघायला जातात आणि गाव चुकतात. टेकडीवरून गाव शांत होतं. गुलाबी धागे, त्यांच्यामध्ये चरबीच्या पेशींची रिकामी पांढरी घरं. मधली बरीचशी घरं फुटलेली, त्यांच्यातलं केंद्रक गेलेलं. केंद्रक म्हणजे पेशीच्या मधला तो जांभळा ठिपका. पेशी जिवंत आहे का मेली, सरळ आहे का बिघडलेली, हे पहिल्यांदा तोच सांगतो. भिंग वाढवलं. मेलेल्या चरबीभोवती फेसाळलेल्या पेशी जमल्या होत्या, पोटं फुगलेल्या, केंद्रकं लहान आणि एकसारखी. मध्येच एखादी भलीमोठी पेशी, तिच्यात दहा-बारा केंद्रकं. नवशिक्याला इथं घाम फुटतो, पण ती बिचारी साफसफाईवाली. मेलेलं उचलून न्यायला अनेकींनी एकत्र येऊन झालेली. बाजूला दुधाच्या दोन नळ्या होत्या. दोन्हींच्या भिंतीला पेशींच्या दोन रांगा, आतली आणि बाहेरची. कॅन्सर झाला की बाहेरची रांग आधी जाते. इथं ती जागच्या जागी होती.

मार लागून चरबी मेली होती. गाठ होती, टणक होती, सोनोग्राफीत वेडीवाकडी दिसली असणार, सर्जनला संशय आला असणार, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. पण कॅन्सर कुठं होता?

तिनं कपाटातून मंगळवारची जुनी स्लाइड काढली. तिच्यावर कॅन्सर होता. खरा, धडधडीत. काचेच्या कडेला एक वेगळा तुकडा, त्यात ग्रंथींची गर्दी, उंच पेशी एकमेकींवर चढलेल्या, लांबट काळपट केंद्रकं, कुठं तीन थर, कुठं पाच, आणि ग्रंथींच्या पोटात मेलेल्या पेशींचा चिखल. बाकीच्या तुकड्यांवर भिंग नीट लागलं की हा धूसर व्हायचा आणि ह्याच्यावर लावलं की बाकीचे धूसर. म्हणजे तो त्यांच्या पातळीत नव्हताच. वरून येऊन बसला होता.

आणि असा चिखल स्तनात नाही, आतड्यात असतो.

“काका, हिचे तुकडे आले तेव्हा तुम्ही किती मोजले होते?”

उत्तरेश्वरांनी नोंदवही आणली. बाटली उघडली की त्यातले तुकडे मोजून लिहायचे, हा नियम. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : सुतासारखे तुकडे, तीन.

“काचेवर किती आहेत?”

उत्तरेश्वरांनी स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. तुकडे मोजायला मायक्रोस्कोप लागत नव्हता.

“चार,” ते म्हणाले आणि नोंदवहीत आधीचा नंबर शोधू लागले.

अकराशे सत्त्याऐंशी, म्हणजे मुक्ताबाईच्या लगेच आधी कापलेला ब्लॉक, एका एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांच्या मोठ्या आतड्याचा. त्यांची स्लाइड काढली. त्याच उंच पेशी, तोच चिखल. त्यांचा रिपोर्ट बरोबर होता, त्यांचे उपचार सुरू झाले होते. त्यांच्या आतड्याचा एक कण मात्र पाण्यावर मागं राहिला होता आणि फुरसुंगीच्या बाईच्या छातीत जाऊन बसला होता.

“मी नाही पुसलं,” उत्तरेश्वर म्हणाले. “सर मागं होते.”

“मला माहितेय.”

“माझ्या हातून झालं, मॅडम.”

“तुमच्या हातून झालं, त्यांच्या तोंडून झालं,” कल्याणी म्हणाली. “आणि बघितलं त्यांनी. डोळे त्यांचे होते.”

खांबेट्यांच्या केबिनमध्ये दोन भिंगांचा मायक्रोस्कोप होता, समोरासमोर बसून दोघांनी एकच स्लाइड बघायचा. त्यांनी तिला समोर बसवलं, स्लाइड लावली, पाच मिनिटं भिंगातून बघत राहिले. ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर कल्याणीला राग कमी आला असता.

“ट्यूमर लहान असेल,” ते शेवटी म्हणाले. “पहिल्याच कापात संपला. ब्लॉकमध्ये उरला नाही. होतं असं.”

“सर, तीन तुकडे आले होते. काचेवर चार आहेत.”

“एक तुटला.”

“तुटून त्याचं आतडं झालं?”

“कल्याणी, आवाज.” त्यांनी चष्मा पुसायला घेतला. “तुम्ही तरुण माणसं फार नाट्यमय असता. स्तनाचे कॅन्सर नाना तऱ्हेचे दिसतात. मी तीस वर्षं बघतोय.”

“मंगळवारी किती वेळ बघितलं, सर? तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होतात. हॉटेलची खोली बुक करत होतात, महाबळेश्वरची. मी समोर बसले होते. स्तनाचा नमुना, त्यात कॅन्सर, म्हणजे स्तनाचा कॅन्सर. एवढा हिशेब तर आमच्या गल्लीतला रिक्षावालाही करेल.”

खांबेट्यांना हे लागलं, आणि लागल्यावर ते नेहमी मऊ होत.

“हे बघा, मार्ग आहे. चाचण्यांच्या रिपोर्टमध्ये लिहा : ब्लॉकमध्ये चाचणीपुरता ट्यूमर शिल्लक नाही. ह्यात एक अक्षर खोटं आहे का?”

नव्हतं. ब्लॉकमध्ये चाचणीपुरता ट्यूमर नव्हता. चाचणी सोडाच, बाकी कशापुरताही नव्हता. त्या एका खऱ्या वाक्यानं शनिवारी सकाळी एक निरोगी स्तन बादलीत पडला असता आणि तो तपासायला पुन्हा ह्याच लॅबमध्ये आला असता. मग त्यात कॅन्सर सापडला नसता, आणि खांबेट्यांनी लिहिलं असतं की सगळा कॅन्सर सुईबरोबरच निघाला होता. असेही रिपोर्ट असतात. बायका जन्मभर देवाचे आभार मानत राहतात.

“मी हे लिहिणार नाही,” कल्याणी म्हणाली. “सुधारित रिपोर्ट द्या.”

“सोमवारी बघू.”

“ऑपरेशन शनिवारी आहे.”

“आणि माझी सहीसुद्धा शनिवारी आहे,” खांबेटे म्हणाले. पहिल्यांदाच ते खरं बोलले होते.

सुधारित रिपोर्ट संगणकातून बाहेर पडायला खांबेट्यांचा पासवर्ड लागे. कल्याणीनं सर्जनला, डॉ. राजस यांना फोन लावला.

“मॅडम, आय ट्रस्ट यू,” डॉ. राजस म्हणाले. “पण माझ्या हातात साइन्ड रिपोर्ट आहे, तोही तुमच्याच लॅबचा. सरकारी योजनेची मंजुरी आलीय, शनिवारचं ऑपरेशन थिएटर मिळालंय, भूलवाले येणार आहेत. तुम्ही तोंडी सांगताय. उद्या संध्याकाळपर्यंत कागद पाठवा, मी एका मिनिटात कॅन्सल करतो.”

“आणि कागद नाही आला तर?”

“तर मी रिपोर्टप्रमाणे जाणार ना. मी स्लाइड थोडीच बघतो?”

हे वाक्य त्यांनी इतक्या निष्पापपणे म्हटलं की कल्याणीला फोन ठेवल्यावर त्याचा राग आला.

शुक्रवारी सकाळी दहाला ती मार्केट यार्डात होती. पत्ता उत्तरेश्वरांनी दिला, फॉर्मवरचा. पालेभाज्यांच्या ओट्यावर सकाळचा मोठा बाजार उरकला होता, खाली पडलेल्या कोथिंबिरीचा लगदा झाला होता, आणि दुसऱ्या खांबापाशी एक उंच, रुंद हाडाची बाई दुसऱ्या एका बाईला मेथीच्या जुड्या कशा लावायच्या ते दाखवत होती. एकोणीस वर्षं ती त्या खांबाशी बसत आली होती.

“मुक्ताबाई आपणच का?”

“व्हय. तुमी कोन, बाई? योजनेवाल्या हाय का? कागद सगळे पोराकडं हायेत.”

पोरगा तिथंच होता. सूरज, चोवीस वर्षांचा, खराडीत एका कंपनीच्या सपोर्टमध्ये, आईसाठी रजा घेऊन आलेला. कल्याणीनं दोघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. सोपं करून सांगितलं, तीन आले होते, काचेवर चार होते, चौथा तुमचा नाही.

मुक्ताबाईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे मला कॅन्सर न्हाय?”

“नाही. तुम्हाला छातीला मार लागला होता का कधी?”

“लागला की. पौषात. हमालाच्या डोक्यावनं टोमॅटोचं क्रेट घसारलं, त्याचा कोपरा हितं बसला. पंधरा दिस काळंनिळं व्हतं. डॉक्टरला सांगितलं मी, तर म्हनला, त्याचा काय संबंध न्हाय.”

“त्याचाच संबंध आहे.”

आता ही बाई रडेल किंवा पाया पडेल, असं कल्याणीला वाटलं होतं. मुक्ताबाईनं हातातली जुडी ओट्यावर आपटली.

“मंगळवारपासनं आज शुक्रवार,” ती म्हणाली. “चार दिस मी मेले, बाई. ही जागा जावंला दिली, म्हनलं आता महिनाभर उठायचं न्हाय, नंतर ती औषधं, केस जात्यात म्हनं. ह्या पोराचं लगीन लोणीत ठरलं व्हतं. बुधवारी त्यांचा फोन, म्हनले आईला आसलं दुखनं, तर थांबू जरा. थांबू म्हंजे काय ते मला कळतं. आनि आता तुमी येताय आनि म्हनताय, चुकलं. माजी छाती काय तुमच्या घरची पाटी हाय व्हय? आज ल्ह्यायचं, उद्या पुसायचं?”

“आई, थांब ना,” सूरज म्हणाला. “मॅडम, सॉरी, पण रिपोर्ट ऑफिशियल आहे. तुम्ही नुसतं येऊन सांगताय. उद्या आम्ही ऑपरेशन नाही केलं आणि कॅन्सर निघाला, तर? चुलते मला फाडून खातील. एनीथिंग इन रायटिंग आहे का?”

“नाही.”

“मग?”

ओट्यावरची जाऊ जुड्या लावता लावता थांबली होती. एकोणीस वर्षांची जागा तिच्या पदरात तीन दिवसांपूर्वी पडली होती आणि तिचे कान पूर्ण उघडे होते.

“चला,” मुक्ताबाई म्हणाली. “कुठं हाय तुमची ती लॅब?”

नारायण पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावर शुक्रवारी दुपारी एक वाजता अकरा पेशंट बसले होते. मुक्ताबाई दारातच उभी राहिली आणि बाजारात दहा गाळ्यांपलीकडं जाईल त्या आवाजात म्हणाली, “माज्या छातीचा ज्यानं कागद ल्हिला त्यो डॉक्टर कुठं हाय?”

अकरा पेशंटांनी आपापले मोबाइल खाली ठेवले. खिडकीसमोरच्या लॅबचा एक माणूस गॅलरीत येऊन कठड्याला टेकला. खांबेटे स्वतः बाहेर आले, आणि हे त्यांनी गेल्या दहा वर्षांत केलं नव्हतं.

“या, बाई, आत या. अहो, तुमचंच काम चाललंय. पाणी घ्या.”

“पानी नगं. कागद द्या.”

त्यांनी मायलेकांना केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं, कल्याणी आणि उत्तरेश्वरांना आत घेतलं, दार लावलं. संगणकावर सुधारित रिपोर्ट तयार होता. त्यांनी तो सकाळीच टाइप केला होता. माणूस हुशार, कोणत्या बाजूला पडावं लागेल ती आधी झाडून ठेवणारा. शेजारी दुसरा एक कागद होता. मी, उत्तरेश्वर अमुक तमुक, वॉटर बाथ स्वच्छ करण्याच्या लॅबच्या लेखी नियमाचं पालन केलं नाही, त्यामुळे नमुन्यात भेसळ झाली, ही माझी वैयक्तिक चूक आहे, आणि मी स्वेच्छेनं राजीनामा देत आहे.

“लेखी नियम?” कल्याणी म्हणाली. “कुठं आहे लेखी?”

खांबेट्यांनी खणातून एक पान काढलं. प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिपून घ्यावा. खाली तारीख, जानेवारीची. शाई अजून चकाकत होती.

“सर,” उत्तरेश्वर म्हणाले, “तुम्हीच म्हणालात दहानंतर.”

“कुणी ऐकलं?”

कुणीच ऐकलं नव्हतं. सत्तर ब्लॉक होते, पाणी होतं आणि दोन माणसं होती.

“ह्या कागदावर तुमची सही झाली,” खांबेटे शांतपणे म्हणाले, “की हा निदानातला बदल राहत नाही. नमुना हाताळण्यातली चूक होते. कारवाई झालेली आहे, असं मी उद्या हॉस्पिटलवाल्यांना दाखवतो. मी इकडं बटण दाबतो. बाई घरी जातात. नाही झाली सही, तर मला सोमवारपर्यंत विचार करावा लागेल. आणि खाली साक्षीदार म्हणून डॉक्टर ओव्हाळ. तुम्हीच तर चूक शोधलीत. श्रेय घ्या की.”

“हे ब्लॅकमेल आहे,” कल्याणी म्हणाली. “मी मेडिकल काउन्सिलकडे जाईन. मी आत्ता बाहेर जाऊन त्या अकरा जणांना सांगेन.”

“जा. अवश्य जा. काउन्सिलला दोन वर्षं लागतात. बाईंचं अ‍ॅडमिशन सहाला आहे.”

ती उठली. खरोखर दारापर्यंत गेली. दाराच्या काचेतून बाकावर बसलेली मुक्ताबाई दिसत होती, डावा हात छातीशी धरून, कुणी काही हिसकावून नेईल अशी. सूरज तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता आणि ती मान हलवत नव्हती.

“मॅडम,” उत्तरेश्वर मागून म्हणाले. “पेन द्या.”

“काका, नका. दुसरा रस्ता काढू.”

“कधी? सहा वाजायच्या आत?” त्यांचा आवाज चढला. बावीस वर्षांत तो त्या केबिनमध्ये कधी चढला नव्हता. “आणि तुम्ही रस्ता काढस्तोवर ती बाई टेबलावर जायची. मी नाही पुसलं. कुणी का सांगितलं असेना, हात माझा होता. आणा इकडं.”

त्यांनी सही केली, एवढी दाबून की कागद मागून उठला. मग पेन कल्याणीपुढं धरलं.

“करा सही. ती बाहेर बसलीय.”

कल्याणीनं सही केली. तिचं नाव, तिची पदवी, तिचा नोंदणी क्रमांक. खांबेट्यांनी बटण दाबलं, आतल्या खोलीत प्रिंटर गुरगुरला आणि अर्ध्या मिनिटात कागद बाहेर आला. अर्ध्याच मिनिटात.

मुक्ताबाईनं तो घेतला, वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजूंनी बघितला, सूरजकडून मोठ्यानं वाचून घेतला, आणि ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ हे वाक्य त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग ती खांबेट्यांना म्हणाली, “माजी जागा कोन दील आता?”

“बाई, हे आमच्या टेक्निशियनच्या हातून झालं,” खांबेटे म्हणाले. “त्यांना आम्ही आजच काढलंय.”

मुक्ताबाईनं उत्तरेश्वरांकडं बघितलं. ते कोपऱ्यात डबा पिशवीत भरत होते. “तुज्या हातानं?” तिनं विचारलं. ते हो म्हणाले. ती जिना उतरून गेली. शिवी दिली का नाही, ते खालच्या रहदारीत ऐकू आलं नाही.

शनिवारी आठ वाजता डॉ. राजस यांच्या टेबलावर दुसरं कुणीतरी होतं. त्यांचं काहीच गेलं नाही, ऑपरेशन थिएटरची वेळसुद्धा नाही. अकरा वाजता खांबेट्यांनी सह्या केल्या. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकानं सुधारित रिपोर्टचा रकाना बघितला, तो शून्य होता. मग कारवाईचं पान बघितलं आणि म्हणाला की इतका पारदर्शकपणा आजकाल दिसत नाही. व्याख्यानमालेचा पहिला विषय ठरला : नमुन्यांची सुरक्षितता. समोरचे डॉक्टर दोन दिवस गॅलरीत आले नाहीत.

मुक्ताबाईची गाठ उन्हाळा संपेपर्यंत आपोआप विरत गेली. स्तन राहिला. खांबाशेजारची जागा गेली. जाऊ म्हणते, दिलेलं परत मागायचं नसतं. लोणीच्या लोकांना सुधारित रिपोर्टची झेरॉक्स पाठवली, त्यांनी ती ठेवून घेतली आणि एप्रिलमध्ये मुलीचं दुसरीकडं लग्न केलं. मुक्ताबाई आता तिसऱ्या ओट्याच्या कडेला, उन्हात बसते, आणि दुपारपर्यंत निम्मी कोथिंबीर मान टाकते.

उत्तरेश्वरांनी चार लॅबमध्ये विचारलं. चारही ठिकाणी तो कागद त्यांच्या आधी पोचलेला होता. सध्या ते धनकवडीत मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. बावीस वर्षं आणि हातातलं कसब, दोन्ही त्यांच्याच नावावर खर्ची पडलं.

कल्याणी रोज सातारा रस्त्यावरच्या हॉस्पिटलात बसते. केबिन मोठी आहे, मायक्रोस्कोप नवा आहे, काचेच्या दारावर खांबेट्यांच्या खाली तिचं नाव लहान अक्षरात आहे. काउन्सिलला लिहिलेलं पत्र तिच्या लॅपटॉपमध्ये आहे, चार पानी, तारीख न टाकलेलं. पाठवायचं तर सोबत तो कागद जोडावा लागेल, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून तिची सही आहे. एक हमालाचं क्रेट, एक न फिरवलेली पट्टी आणि एक न बघितलेली स्लाइड, ह्या सगळ्याचे पैसे दोन माणसांनी चुकते केले, एकानं बार्शीकडून येऊन आणि एकीनं फुरसुंगीतून. बाकीच्यांकडून कुणी काही मागितलं नाही. कल्याणीकडूनही नाही, आणि हे तिला रोज सकाळी, मायक्रोस्कोपचा दिवा लावताना, माहीत असतं.